शीटमध्ये नसलेला कॉलम: श्वास मोजण्याची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी लिहिलं की बसमध्ये, मेट्रोत ऐकताना तारखा आणि आकडे निसटतात, ते लिहून द्या. म्हणून हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अरे’ थोडे कमी केलेत, सगळे नाही काढले.

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण सुरुवात आमच्या घरापासून.

एप्रिल २०२१. नागपूर. ज्यांनी तो महिना इथे काढला त्यांना वेगळं सांगायला नको. रात्रभर ॲम्ब्युलन्सचे आवाज, फोनवर एकच प्रश्न, “बेड मिळतो का कुठे?” विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर घेऊन रेल्वे नागपूरला येतेय, ही तेव्हा शहरातली सगळ्यात मोठी बातमी होती. आमच्या घरी आबाजी, म्हणजे माझे आजोबा, पॉझिटिव्ह आले. वय ७८. एम्प्रेस मिलमध्ये आयुष्य गेलेलं. ताप फार नाही, खोकला थोडा. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, घरीच ठेवा, ऑक्सिजन मोजत राहा.

मी बीटेक, कोड लिहून पोट भरणारा माणूस. मी काय करणार? गूगल शीट केली. चार कॉलम: वेळ, ताप, नाडी, ऑक्सिजन. दर तीन तासांनी नोंद. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला की खाना लाल होणार, नाहीतर हिरवा. लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली. पुण्याच्या आत्याने अंगठा दाखवला, अमेरिकेतल्या काकांनी “ग्रेट जॉब” लिहिलं. सहा दिवस शीट हिरवीगार. ९६, ९५, ९६, ९५.

सहाव्या दिवशी संध्याकाळी आजी दारातून म्हणाली, “बाबू, हे नीट नाही वाटून राहिले.”

मी म्हटलं, “आजी, पंच्याण्णव आहे. एकदम ओके.”

“तू मशीन पाहून राहिला. माणूस पाय ना जरा. सकाळपासून एक वाक्य पुरं करून नाही राहिले हे.”

आबाजी म्हणजे मिलचा एक किस्सा सांगायला अर्धा तास घेणारा माणूस. त्या दिवशी ते तीन शब्द बोलायचे, थांबायचे, मग पुढचे तीन. माझ्या कानावर ते येत होतं, पण माझ्या शीटमध्ये त्याला जागाच नव्हती. मी आजीला समजावलं, अशक्तपणा असेल, आणि झोपलो.

सकाळी डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी आकडे विचारलेच नाहीत. म्हणाले, सदऱ्याची बटणं काढा, कॅमेरा पोटावर धरा आणि एक मिनिट कोणी बोलू नका. मिनिटभर आम्ही सगळे गप्प. मग ते म्हणाले, “बत्तीस. यांना कॉरिडॉरमध्ये चालवा.” ती सहा मिनिटं चालायची चाचणी तुम्हाला आठवत असेल, तेव्हा सगळीकडे सांगत होते. आबाजींना सहा मिनिटं लागलीच नाहीत. तिसऱ्या मिनिटाला आकडा ८८.

बेड दुपारी चारला मिळाला. अकरा दिवस ऑक्सिजनवर राहून आबाजी घरी आले. आज आहेत, किस्सेही सांगतात, फक्त जिना चढताना मधल्या वळणावर थांबतात. ती मधली एक रात्र आम्ही वाया घालवली नसती तर ते थांबले नसते का? डॉक्टर म्हणतात, सांगता येणार नाही. मलाही सांगता येत नाही. पण त्या रात्रीने मला हा विषय वाचायला लावला.

तर प्रश्न असा. निरोगी मोठा माणूस आरामात बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आजारी माणूस किती धोक्यात आहे हे मोजायची एक गुणपद्धती काढली. त्यात श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त असेल तर त्या एका गोष्टीचेच पूर्ण तीन गुण लागतात, म्हणजे सगळ्यात वरचे. आबाजींचे ३२ होते. मोजायला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पैसे लागत नाहीत. मग आम्ही ते का मोजलं नाही? आणि आम्हीच नाही, २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात श्वासाच्या गतीवर एक लेख आला, त्याचं शीर्षकच ‘दुर्लक्षित व्हायटल साइन’ असं होतं. रुग्णालयांतल्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात नुसतं १८, १८, २०, १८ लिहिलेलं असतं, हा तर डॉक्टरमंडळींत जुना विनोद आहे. न मोजता लिहिलेला आकडा कसा दिसतो ते आम्हा प्रोग्रामर लोकांना लगेच कळतं. टेस्ट डेटा असाच असतो.

गंमत म्हणजे आपल्या भाषेला हे सगळं आधीपासून माहीत आहे. ‘घरघर लागली’ हे आपण आता एसटी महामंडळाबद्दल आणि राजकीय पक्षांबद्दल वापरतो, पण ते मुळात छातीत अडकलेल्या कफातून येणाऱ्या शेवटच्या श्वासाचं वर्णन आहे. ‘छातीचा भाता झाला’ म्हणताना लोहाराचा भाता डोळ्यांपुढे येतो. ‘ऊर्ध्व लागला’ हे तर थेट ग्रंथातून आलं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी आणि श्वास या दोन विकारांचा मिळून एक अध्याय आहे. त्यात श्वासाचे पाच प्रकार सांगितलेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. तमक म्हणजे ज्याला आपण साधारण दमा म्हणू. त्यात एक निरीक्षण असं आहे की या रोग्याला आडवं झाल्यावर त्रास वाढतो आणि उठून बसलं की बरं वाटतं. आजही डॉक्टर दम्याच्या रोग्याला विचारतात, रात्री उठून बसावं लागतं का? छिन्नश्वास म्हणजे तुटत तुटत येणारा, मध्येच थांबणारा श्वास. अशाच तऱ्हेच्या श्वासाला युरोपात पुढे डब्लिनच्या दोन डॉक्टरांचं, चेन आणि स्टोक्स यांचं नाव मिळालं. चेन यांनी तो १८१८ मध्ये लिहून ठेवला, स्टोक्स यांनी १८५४ मध्ये.

आणि माझा आवडता वाक्प्रचार, ‘नाकाशी सूत धरणे’. माणूस इतका अत्यवस्थ की श्वास चालू आहे का हे बघायला नाकापुढे सुताचा धागा धरायचा. हलला तर आहे. हे सेन्सरच आहे हो, सुताचं.

आता युरोपचा भाग मी भरभर सांगतो, कारण तो सगळीकडे मिळतो. १७६१ मध्ये व्हिएन्नात लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने छातीवर बोटांनी ठोकून आतला आवाज ऐकायची पद्धत छापली. त्याचे वडील ग्राट्स गावी खानावळ चालवायचे, आणि पिंपात दारू किती उरली हे ठोकून बघतात तसं हे सुचलं असं सांगतात. पॅरिसला १८१६ मध्ये रने लेनेकने एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं अवघड वाटलं म्हणून कागदाची सुरळी करून ऐकलं, आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक आलं, १८२६ मध्ये तो स्वतः क्षयाने गेला. १८९५ मध्ये क्ष-किरण आले. म्हणजे दीडशे वर्षांत डॉक्टरला छातीच्या आतलं ऐकू यायला लागलं, मग दिसायलाही लागलं. फार मोठी गोष्ट आहे, मी कमी लेखत नाही. पण माझं मत असं की याच काळात बाहेरून दिसणाऱ्या छातीकडे बघायची सवय थोडी सुटली. आणि या सगळ्याला डॉक्टर लागतो. जिथे डॉक्टर नाही, एक्स-रे नाही, तिथे काय?

तिथेच गोष्ट नागपूरहून पावणेदोनशे किलोमीटरवर जाते. गडचिरोलीला.

नागपुरात कोणी ‘मेडिकलला’ नेलं म्हटलं तर औषधाचं दुकान समजू नका. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अभय बंग आणि राणी बंग हे दोघे तिथले विद्यार्थी. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं. संस्थेचं नाव ‘सर्च’. गडचिरोली जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता, १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा काढलेला. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते.

त्यांनी आधी गावोगावी एकच गोष्ट शोधली: लहान मुलं मरतात ती कशाने? उत्तरात सगळ्यात मोठं नाव आलं न्यूमोनियाचं.

न्यूमोनियाला औषध होतं. को-ट्रायमोक्साझोल, साधी स्वस्त गोळी. खरी अडचण ओळखण्याची होती. खोकला आणि सर्दी प्रत्येक लेकराला होते, वर्षातून पाच-सहा वेळा होते. त्यातल्या बहुतेकांना अँटिबायोटिकची काही गरज नसते. पण शंभरातल्या ज्या थोड्या लेकरांच्या फुप्फुसात संसर्ग उतरलाय ती कोणती? स्टेथोस्कोप लावून रडणाऱ्या पोराच्या छातीत कुरकुर ऐकणं शिकलेल्या डॉक्टरलाही सोपं नसतं.

या प्रश्नावर जगात दोन-तीन ठिकाणी काम चालू होतं. पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका गावी फ्रँक शान नावाच्या डॉक्टरने १९८४ मध्ये मांडलं की खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० च्या वर असेल तर न्यूमोनिया धरून औषध सुरू करा, आणि छाती आत ओढली जात असेल तर दवाखान्यात पाठवा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये दाखवलं की वर्षाच्या आतल्या बाळाला ५० आणि त्यापुढच्या मुलाला ४० अशी वयाप्रमाणे रेषा घेतली तर ओळख जास्त नीट होते. आज जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असेच आहेत: दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. त्या आकड्याला पोचलं की श्वास ‘जलद’.

पण श्वास जलद का होतो? न्यूमोनियात फुप्फुसाचे फुगे पाण्याने-पुवाने भरतात, फुप्फुस ताठ होतं. मोठा माणूस जोर लावून खोल श्वास घेऊ शकतो. लहान बाळाच्या बरगड्या मऊ असतात, जोर लावला की छाती फुगायच्या ऐवजी खालून आतच ओढली जाते. म्हणून ते बाळ खोली वाढवू शकत नाही, संख्या वाढवतं. भांडं लहान आहे म्हणून खेपा जास्त, एवढा साधा हिशेब. आणि तेही पुरेना झालं की मग बरगड्यांच्या खालचा भाग प्रत्येक श्वासाला आत जायला लागतो. आमची आजी याला ‘डब्बा झाला’ आणि ‘पोट उडून राहिलं’ म्हणते. तिने तिच्या लहानपणी गावात हे बघितलंय, आणि त्यावर पोटाला डागण्या देतानाही बघितलंय. मेळघाटातून अशा डागण्यांच्या, डंब्याच्या, बातम्या अजून येतात. म्हणजे बघा, चिन्ह आईला दिसत होतं, त्याला नावही होतं. त्यापुढचा दरवाजा चुकीचा उघडत होता.

बंग दांपत्याने नेमकं तिथे काम केलं. १०२ गावं घेतली. ५८ गावांत आई-बापांना न्यूमोनिया कसा ओळखायचा हे सांगितलं, आणि पॅरामेडिकल कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि सुईणी यांना तो ओळखून गोळी द्यायला शिकवलं. उरलेल्या ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली, तुलनेसाठी.

सुईणीपाशी अडचण आली. दाई म्हणजे गावातली वयस्क, अनुभवी बाई, शेकडो बाळंतपणं केलेली, पण शाळेत कधी न गेलेली. दहा-बाराच्या पुढे आकडे मोजणं तिला अवघड. घड्याळ नाही. आणि तिला सांगायचं काय, तर एका मिनिटात पन्नास श्वास होतात का बघ!

इथे मी, माझ्या धंद्याचा माणूस म्हणून, थोडा थांबणार आहे. आमच्याकडे अशा वेळी मीटिंग होते आणि कोणीतरी म्हणतं, “युजरला ट्रेनिंग द्या.” म्हणजे बाईला आधी शंभरपर्यंत आकडे शिकवा, मग घड्याळ शिकवा. सर्चने उलटं केलं. बाईला जेवढं येतं तेवढ्यावर वस्तू बनवली. तिचं नाव ‘ब्रीद काउंटर’, आपण श्वासमापक म्हणू.

एक लहानशी चौकट. तिच्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. आणि पाटीवर असतात तसे तारेत ओवलेले मणी, दोन ओळी. वाळू उलटी करायची. बाळाच्या पोटाकडे बघत दहापर्यंत मोजायचं. दहा झाले की एक मणी सरकवायचा, परत एकपासून. प्रत्येक ओळीतला शेवटचा मणी लाल. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या ओळीत सहावा मणी लाल, मोठ्या बाळाच्या ओळीत पाचवा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर श्वास जलद आहे. संपलं. साठ आणि पन्नास हे आकडे त्या बाईला कधी उच्चारावेच लागत नाहीत, ते मण्यांच्या संख्येत लपलेत. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, अपडेट नाही. मी रोज ज्या ॲपवर काम करतो त्याच्या सेटिंगच्या पानावर एकोणीस बटणं आहेत, हे इथे कबूल करतो.

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणेल, न शिकलेल्या बाईच्या हातात अँटिबायोटिक? प्रश्न बरोबर आहे. श्वास जलद असलेल्या प्रत्येक मुलाला न्यूमोनिया नसतो. दम्याने, बाळदम्याने, नुसत्या तापानेही गती वाढते. म्हणजे काही मुलांना गरज नसताना गोळी मिळणार. आमच्या भाषेत हे फॉल्स पॉझिटिव्ह. पण रेषा वर नेली तर उलटी चूक वाढते: खरा न्यूमोनिया असलेलं मूल ‘ठीक आहे’ म्हणून घरी राहतं. पहिल्या चुकीची किंमत काही गोळ्या आणि पुढे औषधाला जंतू दाद न देण्याचा धोका. दुसऱ्या चुकीची किंमत ते मूल. जिथे दवाखाना दोन नद्या ओलांडून आहे तिथे रेषा कुठे आखायची हे पुस्तकात बघून ठरत नाही.

निकाल १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आकडे शांतपणे वाचा, हवं तर दोनदा. काम केलेल्या गावांत वर्षभरात न्यूमोनियाच्या ६१२ मुलांवर उपचार झाले. त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू एकीकडे ८.१, दुसरीकडे १७.५. सगळ्या कारणांचे मिळून मृत्यू २८.५ विरुद्ध ४०.७. जन्मणाऱ्या हजार बाळांमागे वर्षाच्या आत जाणारी बाळं ८९ विरुद्ध १२१. गोळ्यांचा खर्च दर मुलामागे वर्षाला अडीच अमेरिकी सेंट.

दर हजारी हा शब्द ऐकायला कोरडा आहे. ४४ गावांत पाच वर्षांखालची ३,९४७ मुलं होती. १७.५ च्या हिशेबाने तिथे वर्षात साधारण ६९ मुलं एकट्या न्यूमोनियाने गेली. गुणाकार मी फोनवर केला आणि मग फोन बाजूला ठेवला.

हे एकट्या गडचिरोलीत घडलं असं नाही. नेपाळमधल्या जुमल्याला, आणखी काही देशांत असेच प्रयोग झाले. २००३ मध्ये सुनील साझावाल आणि रॉबर्ट ब्लॅक यांनी असे नऊ अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून उपचार केल्याने पाच वर्षांखालचे एकूण मृत्यू साधारण २४ टक्क्यांनी कमी होतात असं दिसलं. सर्चचं पुढचं काम नवजात बाळांवर झालं, ३९ गावांत, घरी जाऊन बाळ तपासायचं. तो निबंध १९९९ मध्ये परत ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि २०११ पासून आशाताईंनी घरी येऊन नवजात बाळ बघायचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. तुमच्या घरी बाळ झालं असेल आणि आशाताई येऊन बाळाचं वजन, ताप बघून मिनिटभर नुसतं त्याच्या पोटाकडे बघत बसली असेल, तर ती रिकामी बसलेली नव्हती.

आता परत माझ्या हिरव्या शीटकडे. त्या ऑक्सिमीटरचा इतिहासही छान आहे. जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतला एक इंजिनिअर, ताकुओ आओयागी. हा डॉक्टर नव्हता, माझ्यासारखाच इंजिनिअर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो कानातून प्रकाश पाठवून रक्ताचा काहीतरी वेगळाच हिशेब करत होता, आणि नाडीच्या ठोक्यांमुळे सिग्नल हलत होता. वैतागून तो हलणारा भाग काढायच्या नादात त्याच्या लक्षात आलं की हलणारा भागच कामाचा आहे, कारण ते धमनीतलं ताजं रक्त आहे. लाल आणि अवरक्त, दोन प्रकाशांची तुलना केली की त्यातला ऑक्सिजन कळतो. आज बोटाला लावतो ते हेच. आओयागी १८ एप्रिल २०२० ला गेला, म्हणजे अख्खं जग त्याचं यंत्र विकत घ्यायला धावत होतं त्याच दिवसांत.

यंत्र खोटं बोलत नाही. पण ते एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. जुना फोन ४० टक्के बॅटरी दाखवतो आणि दोन मिनिटांत बंद पडतो ना? रक्तातला ऑक्सिजन थोडा तसाच वागतो. फुप्फुस बिघडायला लागलं तरी शरीर आधी श्वास वाढवून आकडा वरच ठेवतं. आबाजींचा ९५ हा ३२ श्वासांनी कमावलेला ९५ होता. मी पगार बघत होतो, ओव्हरटाइम नाही. कोविडमध्ये उलटंही व्हायचं, आकडा खूप खाली आणि माणूस निवांत गप्पा मारतोय, तिथे याच यंत्राने कितीतरी जीव वाचवले. म्हणून दोन्ही लागतं. शिवाय बोट गार असलं, नखाला रंग असला की आकडा चुकतो. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवलं की काळ्या रुग्णांमध्ये लपलेली ऑक्सिजनची कमतरता या यंत्रातून निसटायचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. आपण सावळे लोक, आपणही याचा विचार करायला हवा.

बऱ्याच जणांनी विचारलं की मोजायचं कसं, म्हणून तेवढं सांगतो. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान मुलाचा श्वास एकसारखा नसतो. मूल रडत नको, दूध पीत नको, शक्यतो झोपलेलं किंवा शांत. अंगावरचं कापड वर करा, पोट किंवा छाती वर जाऊन खाली आली की एक. मोठ्या माणसाला “श्वास मोजतोय” असं सांगू नका, सांगितलं की तो बदलतो. नाडी बघतोय असं भासवून मनगट धरा आणि डोळे छातीवर ठेवा, नर्सताई हेच करतात. आणि आकड्याशिवाय बघायचं ते आजीने बघितलं ते: वाक्य पुरं होतंय का, नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ओढले जातात का, माणूस हात टेकून पुढे वाकून बसलाय का, ओठ निळसर झालेत का, लेकरू पिणं सोडून मलूल पडलंय का, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का. यातलं काही दिसलं तर आकडा कितीही असो, लगेच डॉक्टरकडे. मी डॉक्टर नाही, हा भाग ऐकून घरी उपचार करू नका.

मागच्या महिन्यात माझी चुलत बहीण उमरेडहून आली होती. तिची मुलगी पावणेदोन वर्षांची, रात्री ताप आणि खोकला. ती झोपल्यावर मी फोनवर मिनिट लावलं आणि मोजायला बसलो. आजी आली, म्हणाली सरक, आणि कोपऱ्यातली जपमाळ घेऊन दुसऱ्या बाजूने बसली, एका श्वासाला एक मणी.

मिनिट झालं. मी म्हटलं, “चौतीस.”

आजी म्हणाली, “छत्तीस.”

चाळीसच्या आत होतं दोन्ही, बहिणीला हायसं वाटलं. मी म्हटलं आजी, तुझे दोन जास्त झाले असतील.

“माझे नाही जास्त झाले,” आजी म्हणाली. “तू दोनदा फोनकडे पाह्यलं.”